उरेब माप

औशात मेन रोडच्या आतल्या गल्लीत लालमहंमद टेलरचं दुकान आहे. पाटी कधीच उडून गेली, पण पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक त्याच्याकडं तसंही नाही. पन्नाशीचा बारकुडा माणूस, मशीनवर वाकून वाकून पाठीला कमान आलेली, आणि गळ्यात टेप. तुम्ही वीस वर्षं त्याच्याकडं पँट शिवा, एकविसाव्या वर्षी तो तुमची कंबर नव्यानं मोजणार. घरात पाण्याची टाकी आणायची तर आधी टेप. दाराला पडदा लावायचा तर दोनदा टेप. लोक हसायचे. जुनी माणसं मात्र हसत नसत.

भूकंप झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा, उस्तादाच्या हाताखाली काजं-बटनं करत होता. थोरली बहीण सुलतानबी किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. कफनासाठी पांढऱ्या कापडाचे तागे ट्रकात टाकून औशाची पोरं निघाली, त्यात हाही. तिथं टेप कुणाला सुचतोय? नजरेच्या अंदाजानं टराटरा कापड फाडत होता. सुलतानबीचंही तसंच फाडलं. जरा वेळानं कनातीच्या आतून एका बाईचा आवाज आला, "कपडा कम पड्या, भाई." तागा संपलेला. त्यानं खांद्यावरचा रुमाल आत दिला. त्या दिवसापासून त्यानं अंदाज सोडला तो सोडलाच.

त्याची पोरगी सादिया. लातूरला क्लास करून मेडिकलची परीक्षा दिली, थोडक्यात हुकली, बी.एस्सी.ला लागली. कोरोनानं कॉलेज बंद पडलं आणि सगळं शिक्षण बापाच्या मोबाईलात येऊन बसलं. तेवढ्यात जुन्या क्लासच्या सरांनी तिला काम देऊ केलं : टेस्टचे पेपर घरी बसून टाईप करायचे. एका बाजूला जुना पेपर, दुसऱ्या बाजूला नवा, दोन्ही एकदम दिसले पाहिजेत. म्हणून लॅपटॉप हवा, मोठ्या पडद्याचा. सोमवारपासून सुरू करणार असशील तर तुझं, नाहीतर मुरुडची एक मुलगी तयार आहे, असं सरांनी स्वच्छ सांगितलं.

सादियानं महिनाभर चौकशी केली होती. कॉलेजच्या मास्तरांना विचारलं, मैत्रिणींचे लॅपटॉप उघडून बघितले, आणि वहीच्या कागदावर यादी केली. लग्नाच्या कापडाचा बस्ता बांधायला निघावं तशी बापलेक शनिवारी लातूरला गेली.

गंजगोलाईच्या अलीकडं एका दुकानात यादीबरहुकूम माल निघाला. झगमगाट नाही, पण कामाचा, आणि परवडणारा. दुकानदार म्हणाला साडेपंधरा इंचाचा आहे, असा एकच उरलाय. सादियाचा चेहरा उजळला. लालमहंमदनं गळ्यातला टेप काढला आणि काचेवर आडवा धरला. साडेतेरा भरले. पुन्हा धरला. साडेतेराच.

"दोन इंच कुठं गेले?" त्यानं विचारलं.

दुकानदारानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग टेपकडं. "चाचा, ह्याला पायजमा शिवायचाय का?" म्हणाला. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. सगळी हसली.

सादिया वाकून त्याच्या कानाशी आली. घरातल्या बोलीत हळूच म्हणाली, "अब्बू, इसकू उरेब नापते. इस कोने से उस कोने तलक."

तिचं बोलणं संपायच्या आतच त्याला कळलं होतं. ज्याची सगळी जिंदगी परकरांना, गळ्यांना तिरप्या पट्ट्या कापण्यात गेली, त्याला उरेब काय शिकवायचं? पण दुकानातलं हसू अजून थांबलं नव्हतं. त्यानं टेप गुंडाळून खिशात घातला.

"दोन इंच खाऊन बसलेत हे लोक," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "चल, सादिया."

ती एक क्षण तिथंच उभी राहिली. मग बापाच्या मागं निघाली.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं : लातूरची दुकानं कशी फसवतात, आपण कसं पकडलं. बायकोनं पोरीकडं बघितलं. "हाव का गं?"

"हाव," सादिया म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

सोमवारी दुसरं दुकान बघू, असं त्यानं ठरवलं होतं. सोमवारपर्यंत पुन्हा लॉकडाऊन लागलं, बाजार बंद झाला तो दोन महिने उघडला नाही. काम मुरुडच्या मुलीला गेलं.

बाजार उघडल्या उघडल्या लालमहंमद एकटाच लातूरला गेला. यादी मागितली असती तर तिनं दिली असती. पण यादी मागायची म्हणजे त्या शनिवारचा विषय काढायचा. त्यानं दुसऱ्या दुकानात टेप काढला, बरोबर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरला. सव्वासतरा इंच भरले. कुणी हसलं नाही. जुना माल, दुकानदारानं भावही उतरवून दिला. बसमध्ये तो खोका मांडीवर घेऊन बसला.

सादियानं चालू केला. पडद्यावर काही उमटेपर्यंत आईचा चहा उकळून झाला. दोन पानं शेजारी उघडली की तो गपकन थांबायचा.

"लई मोठा हाय, अब्बू," ती म्हणाली. तेवढंच.

दिवाळीच्या तोंडावर साहेबराव गुरुजी पँट शिवायला आले. रिटायर झालेले, बोलके. नात महामाया बारावीला होती, तिला लॅपटॉप घ्यायचा होता. सादिया कोपऱ्यात काजं करत बसली होती. लालमहंमद गुरुजींच्या पायाशी टेप धरून सांगायला लागला, की स्क्रीन आडवा मोजायचा न्हाई, उरेब मोजायचा.

"मोठे जाणकार झालात की," गुरुजी हसले. "घेऊन फसल्यावर कळलं जणू?"

लालमहंमद खालीच बघत होता. "न्हाई गुरुजी. पोरीनं आधीच सांगितलं होतं. दुकानातच."

सुई थांबली. सादिया उठली, बटनांच्या डब्याच्या तळातून घडी घातलेला कागद काढून तिनं गुरुजींना दिला. "हे महामायाला द्या. मला आता ह्याचं काम न्हाई."

गुरुजींनी चष्मा चढवला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं. एक, जुनी हार्ड डिस्क नको, चालू व्हायला वेळ खाते; एसएसडीच पाहिजे. दोन, रॅम आठ जीबी. तीन, आकड्यांची बटनं वेगळी. चार, पडदा पंधरा इंचाच्या वर, पण त्यासाठी पहिल्या तीन गोष्टी सोडायच्या नाहीत.

"हुशार हाय पोरगी," गुरुजी म्हणाले.

लालमहंमदनं मान हलवली आणि त्यांच्या पँटची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.