उपडा पाट

संस्थान विलीन झालं तेव्हा कोल्हापुरात बरीच माणसं रिकामी झाली. छत्र धरणारे, चवऱ्या ढाळणारे, काही नुसतेच भिंतीजवळ अदबीनं उभे राहणारे. त्यांतला एक चोपदार आमच्या मठात आला आणि तिथल्या महाराजांना ललकारी मिळाली. तोवर महाराज जिना चढून येत, वरच्या पायरीवर जरा दम घेत आणि आसनावर बसत. आता त्यांच्या आधी त्यांचा पुकारा येऊ लागला. मग चांदीच्या मुठीची काठी आली, छत्र आलं. मठ शाहूपुरीत, गुळाच्या एका वखारीच्या माडीवर होता. तिथलं आढं इतकं खाली की छत्र अर्धं मिटूनच आत आणावं लागे. मला हसू यायचं, आणि आई न बघता चिमटा काढायची.

पण मी त्या माडीवर नाखुशीनं जात होते असं नाही. वडील गेले तेव्हा नातेवाईक तेराव्यापर्यंत थांबले. मठातल्या बायका त्यानंतर आल्या, आणि येतच राहिल्या. कुणी पिठलं-भाकरी आणली, कुणी अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नाचं पाहिलं. गल्लीतल्या हळदीकुंकवाला आईला आता कुणी बोलवत नव्हतं. मठात मात्र पंक्तीत तिचा स्वतःचा पाट होता. प्रत्येकाचा पाट आणि जागा ठरलेली असे. आधी आई, मग अक्का, मग मी. गुरुवारी संध्याकाळी सगळी माडी एका सुरात पदं म्हणायची, खालून ताज्या गुळाचा वास यायचा, आणि आपलं या जगात ठीक चाललं आहे असं वाटायचं. तसं मला पुढे फार थोड्या ठिकाणी वाटलं.

मठाबाहेरच्या लोकांना आम्ही ‘बाजारातली माणसं’ म्हणत असू. त्यांच्या घरचं खायचं नाही, दुसऱ्या कुठल्या देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही, महाराजांच्या वचनांखेरीज काही वाचायचं नाही. चूक झालीच तर पंक्तीत उभं राहून ती कबूल करायची. न करणाऱ्याचा पाट उपडा घालत, आणि मग त्याच्याशी मठातलं कुणीही, घरचंसुद्धा, बोलत नसे. पाट काढून टाकत नसत. तो त्याच्या जागी उपडाच पडून राही. काढला असता तर लोक विसरले असते. महाराजांना माणसांची पारख होती.

अक्का गडमुडशिंगीला दिली होती. पहिली मुलगी झाल्यावर तिच्या सासूनं नवस फेडायला तिला नृसिंहवाडीला नेलं. पुढच्या गुरुवारी महाराजांनी तिला पंक्तीत उभं केलं.

“काय केलंस, सांग मुली.”

“वाडीला गेले होते. पादुकांवर डोकं ठेवलं. बाळाच्या जिभेला पेढा लावला.”

“चुकलं म्हण. एवढंच.”

“पेढा चांगला होता,” अक्का म्हणाली.

तिचा पाट उपडा झाला. नंतर एकदा ती बाळाला घेऊन आमच्या दारात आली. आई चुलीपुढं पाठमोरी बसून राहिली. अक्का किती वेळ उभी होती कोण जाणे, तव्यावरची भाकरी करपून घरभर धूर झाला. ती गेल्यावर आईनं ती भाकरी खाल्ली.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि बरंच काही वाचत होते. मठाच्या नियमात हे बसत नव्हतं, पण महाराज वाचनालयाच्या बाजूला कधी फिरकत नसत. वाचणाऱ्या माणसाला समर्थनं भरपूर सुचतात. शिस्तीशिवाय साधना नाही, प्रत्येक पंथाला कुंपण असतंच, वगैरे. मी ती सगळी स्वतःला ऐकवली.

मग एका गुरुवारी वाढायची पाळी आईची होती. ती भाताचं पातेलं घेऊन पंक्तीतून निघाली. आमच्या ओळीत आली, स्वतःच्या पानावर वाढलं, आणि हात सवयीनं पुढं जाऊन अक्काच्या उपड्या पाटासमोर मूद पडली. तिथं पान नव्हतं. भात माडीच्या नुसत्या फळ्यांवर पडला.

सगळ्यांचे हात थांबले. महाराज रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत.

“असू दे, असू दे,” ते म्हणाले. “गेलेल्यांना वाढायची रीतच आहे. आता कावळा शिवतो का ते बघू.”

पंक्त हसली. महाराजांचा विनोद चांगला असे, ते मी कधी नाकारलं नाही. आईनं हातात पळी धरून एकदा सगळ्या पंक्तीकडं पाहिलं. आणि तीही हसली.

त्याच क्षणी माझे डोळे उघडले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी ताकभातापर्यंत जेवले. पण नंतर कित्येक दिवस ते हसू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. वडील गेल्यावर जिनं अक्काला कुशीतून सोडलं नव्हतं, ती अक्काच्या जिवंतपणीच्या पिंडाला हसली होती, कारण न हसणं परवडणारं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला कुंपण म्हणत होते त्याला दुसरा काही शब्द असला पाहिजे, असं मला वाटू लागलं. वाचलेल्या पुस्तकांत तो सापडला नाही.

मी अक्काकडं गेले. तिच्याबरोबर वाडीला गेले. पुजाऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलंही नाही. कुठून आलीस, आणखी कुठं जातेस, कुणाशी बोलतेस, कुणी विचारलं नाही. नदी होती, गर्दी होती, चपला जाग्यावर राहतील ना ही काळजी होती. देवाच्या दारात माणसाला एवढं मोकळं सोडतात हे मी विसरूनच गेले होते. मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की इथं मी आले काय न आले काय, कुणाला पत्ता नाही.

परत आल्यावर अक्काची सासू म्हणाली, “सुटलीस म्हन की. आन् आई?”

“ती यायची नाही.”

“व्हय, ती कशाला ईल. तिथं तिला पाट हाय. हितं काय, पोतं टाकून बसायचं.”

पुढच्या गुरुवारी मी मठात गेले नाही. माझाही पाट उपडा झाल्याचं आईच्या पाठीवरूनच कळलं. मी शाळेजवळ खोली घेतली. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून एका बाईंकडून डबा लावला. चहा करताना तोंडात पद यायचं. मी ते अर्ध्यावर गिळायची आणि उरलेलं दिवसभर डोक्यात वाजत राहायचं.

गुरुवारी संध्याकाळी पाय शाहूपुरीकडं वळत. गुळाचा हंगाम होता. रव्यांनी, म्हणजे गुळाच्या ढेपांनी, भरलेल्या बैलगाड्या वखारीसमोर उभ्या असत. मी त्यांच्या आडोशाला उभी राहून वरची पदं ऐकायची आणि त्यात आईचा आवाज शोधायची. एकदा ती घागर घेऊन खालच्या नळावर आली. मला पाहिलं. उपड्या पाटाच्या माणसाशी बोलायचं नव्हतं. तिनं घागर नळाखाली ठेवली आणि समोरच्या बैलाला म्हणाली, “जेवण वेळेवर होतं का?”

गाडीवान जुवावर रेलला होता. “त्याला काय इचारताय बाई, दुपारीच कडबा चघळून बसलाय.”

“होतं,” मी बैलाला म्हणाले. “डबा लावलाय.”

गाडीवानानं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मग विडी पेटवून तो गाडीच्या मागं गेला.

“आणि थोरलीचं कसं?” आईनं बैलाच्या कपाळावर हात ठेवला.

“बरं आहे. पोरगी बोलायला लागली. आजी म्हणते.”

“गोड आवडतं का तिला?”

“पेढा आवडतो.”

घागर कधीच भरून वाहत होती. वर घंटा झाली. आईनं बैलाच्या कपाळावरचा हात काढला, घागर उचलली आणि जिना चढून गेली.

तो हंगाम आम्ही असा बैलांच्या आडून काढला. त्या वर्षी पुन्हा ऊसतोड कधी सुरू होते याची शेतकऱ्यापेक्षा जास्त वाट मी पाहिली. पुढचेही काही हंगाम तसेच गेले. मी दरवेळी बैलाला सांगायची की खोली मोठी घेतली आहे, दोन माणसं सहज मावतील. बैलाला ते पटत असावं. आई मान खाली घालून घागरीकडं बघायची.

मग एका वर्षी वखारीसमोर गाडीच्या जागी ट्रक उभा होता. गूळ आता त्यातून येऊ लागला होता. आई नळावर आली. इकडं तिकडं बैल शोधला. रिकामी घागर पुन्हा कमरेवर घेतली. मला वाटलं, ती आता निघून जाईल.

तिनं ट्रकच्या धुळीनं भरलेल्या दिव्यावरून पदर फिरवला आणि त्याला विचारलं, “जेवण झालं का?”

“व्हायचंय,” मी म्हणाले. “थांबलेय.”

वर पंक्तीची घंटा झाली.