दिवस मावळायच्या आतली भांडी

खासबागेतल्या आमच्या गल्लीत ऐन उन्हाळ्यात पावसाळी गटाराला वास सुटला, आणि सगळ्यांनी एका सुरात कोपऱ्यावरच्या खानावळीकडं बोट दाखवलं. खानावळ बंद करा, असा अर्जही गेला. मीही मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले होते. खरं तर सांडपाण्याची कुणाची पाइप चुकून पावसाळी गटारात सोडली आहे, ते सेन्सर लावून शोधायचं, हेच माझं काम. पुराव्याशिवाय बोलू नका, असं मी दुसऱ्यांना शिकवते.

खानावळीचे अण्णा रोज मला गाठायचे. "मॅडम, माझं पाणी तिकडं जात न्हाय ओ. बंद पडली तर ह्या वयात मी काय करू?"

"मशीन सांगंल," मी तोऱ्यात म्हणायचे.

मशीननं सांगितलं. गटारात कोमट, साबणाचं पाणी येत होतं खरं, पण संध्याकाळी, उजेड असताना. खानावळीत भांड्यांचा ढीग पडतो रात्री, आणि तेव्हा गटार कोरडं ठणठणीत. वर दिवस मोठा होत गेला तसं ते पाणीही थोडं थोडं उशिरा येऊ लागलं. सूर्याकडं बघून भांडी घासणारं हे कोण, म्हणून मी हसत घरी आले.

माझी थोरली बहीण, आक्का, हाका मारत होती, "ये गं लौकर, दिवस मावळाय लागलाय!"

आम्ही बोरगावकडचे जैन. आमच्या घरी आक्काच्या शिस्तीत दिवस बुडायच्या आत जेवण, आणि लगेच कढत पाण्यानं भांडी. गल्लीत असं घर एकच. घास माझ्या हातातच राहिला. नवं स्वयंपाकघर बांधताना गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून पाइप मीच जोडून घेतली होती.

मोरीत लाल रंग ओतला. गटार लालभडक.

"पाणी गाळून पिणारी माणसं आपण," आक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि सोडतोय कुठं बघ!" मग ती हसायला लागली ती थांबेचना. मला मात्र अण्णांचं तोंड आठवून भयंकर लाज वाटत होती.

गल्लीसमोर सगळं कबूल केलं. अर्ज मागं घेतला गेला. अण्णा खानावळीकडं वळले. पाइप फिरवेपर्यंत आमची मोरी बंद, म्हणून स्वयंपाकही बंद.

दुसऱ्या दिवशी ऊन अजून कौलांवर होतं तेव्हा अण्णा दाराशी उभे, हातात डबा.

"कांदा-बटाटा घातल्याला न्हाय," ते म्हणाले. "दिवस हाय तवर जेवून घ्या. भांडी आमच्याकडंच घासतो."