मुळीचं नाव

"मुळीचं नाव सांगा, आत्याबाई."

"न्हाय."

"नाव नगं तर मुळी तरी दाखवा!"

"दीपे, हळू बोल. ओसरीवर माणसं बसलीत."

"बसू द्या! त्यांनाबी कळू द्या, काविळीचं औषध देणारीच्या पोराचे डोळे कसे हळदीवानी झालेत ते."

गजराबाईनं पाटा धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

बेंबळी गावात रविवार उजाडला की तिच्या ओसरीवर पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसायची. कुणी मुरुमहून, कुणी थेट परंड्याहून. उपाशीपोटी मुळी-पाल्याचा वाटीभर हिरवा रस, वर ताक, आणि कडक पथ्य: तेल नाही, डाळ नाही, अंड्याचं तर नावच नाही. रुपया घ्यायचा नाही, असं सासूनं बजावलेलं. आणखीही एक बजावलेलं. ओढ्याकाठची मुळी दिवस उगवायच्या आत खणायची, कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, आणि तिचं नाव सुनेच्या कानात सांगायचं ते आपला शेवट जवळ आल्यावरच. आधी तोंडातून निघालं तर गुण गेला. सासूनं स्वतः तसंच केलं होतं. जीभ जड झालेली, अर्धं नाव ओठातच राहिलं, तरी गजराबाईला बरोबर उमगलं होतं.

आता आतल्या खाटेवर भागवत अंग खाजवत पडला होता. तिचा एकुलता एक, दीपालीचा नवरा. मेंढरामागं हिंडणारा, कुत्र्यांच्या संगतीत भाकर खाणारा. कुत्र्याकडनंच जंत पोटात गेला म्हणे, आणि लिव्हरमध्ये नारळाएवढी पाण्याची गाठ धरली. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीसंगं निम्मं लिव्हर कापून काढलं.

"निम्म्यावर माणूस जगतंय व्हय?" गजराबाईनं तेव्हा विचारलं होतं.

"उरलेलं वाढतं, आजी. तुम्ही रात्री मेंढरं कशात कोंडता?"

"वाघरात. जाळीच्या."

"तशीच बारीक जाळी पेशींभोवती असते. वाढा, असा निरोप तिच्यात अडकून पडलेला असतो. लिव्हर कापलं की शरीरातलं एक एन्झाईम ती जाळी कातरतं. निरोप सुटतो, आणि एका पेशीच्या दोन व्हायला लागतात. आपण फक्त आड यायचं नाही. डाळ, दूध, अंडी खाऊ घाला. झाडपाला अजिबात नको. पोटात जाईल ते सगळं त्या निम्म्यालाच निस्तरावं लागतं."

"व्हय," गजराबाई म्हणाली होती. घरी आल्यावर लेकाच्या डोळ्यांत जरा पिवळसर झाक दिसली आणि तिचा हात आपसूक पाट्याकडं गेला. दीपाली अंगणवाडीत कामाला गेली की त्याला रसाची वाटी. जेवायला ताक-भाकरी. अंडी शेजारी जायची.

आज मोबाईलवर रिपोर्ट आला. उतरत आलेलं एसजीपीटी, लिव्हरची इजा दाखवणारा आकडा, एकदम वर गेलं होतं. पाठोपाठ दीपालीला चुलीमागं हिरवी वाटी सापडली.

"डॉक्टरीणबाई काय म्हनल्या ऐका," दीपाली जवळ सरकली. "पेशी फुटायल्यात. फुटल्या की त्यांच्यातलं दुसरंच एन्झाईम रक्तात सांडतंय, तेच रिपोर्टात दिसतंय. वाढायच्या लिव्हरला कायतरी मारायलंय. काय पाजलं ते कळलं तर इलाज नेमका करता येतोय. आख्खी मुळी, पाल्यासकट घिऊन लगेच निघा म्हनल्या. गाडी पारापशी थांबलीय."

"माझ्या हातनं आख्खा जिल्हा बरा झालाय."

"काविळीची लई माणसं आपोआपबी बरी व्हत्यात."

गजराबाईच्या हातातला पाणी सोडणारा तांब्या थांबला. एवढ्या वर्षांत असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं.

"आपोआप? मग ही माणसं काय माझं तोंड बघाया येत्यात?"

"ते मला काय ठाव! त्यांचं लिव्हर जागच्या जागी हाय. ह्यांचं निम्मं हाय, तेबी कवळं."

"तुलाच सांगायचंय ते नाव. येळ आली की."

"कोणाची येळ, आत्याबाई?"

दारात कस्तुराबाई डोकावली. कोपऱ्यावरच्या घरातली, पुतण्याला घेऊन सकाळपासून बसलेली. "गजरे, उन्हं वर आली गं. पोरगं उपाशी हाय. वाटतीस का न्हाय?"

"आज औषध न्हाय, मावशी," दीपाली म्हणाली.

"तू कोण न्हाय म्हननारी?" गजराबाई उसळली. पण उठली नाही.

मग आतून खाट करकरली. भागवत भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आला. उजेडात त्याचा चेहरा तिनं नीट पाहिला. एवढे दिवस ती फक्त डोळेच बघत होती. गाल आत गेले होते, दंडाची कातडी लोंबत होती. ही काविळीची कळा नव्हती. ही उपासमार होती, तिच्याच पथ्याची.

"आये," तो म्हणाला, "तू दिलंस म्हणून म्या पेलो. कधी इचारलं न्हाय. आज इचारतो. तुला मुळी पायजे का मी?"

दीपालीनं पुढं होऊन त्याला दंडाला धरलं.

गजराबाईनं पाटा भिंतीला उभा करून ठेवला. हात पदराला पुसले. कोनाड्यातलं खुरपं काढलं.

"आत्याबाई, कुठं? ऐकताव का?"

ती ओसरीवर आली. बसलेल्या माणसांमधून, कुणाकडं न बघता, पायऱ्या उतरली.

"अगं, दिवस डोक्यावर आलाय, आत्ता कुठं निघालीस खुरपं घेऊन?" कस्तुराबाईनं मागून हाक घातली. "समदी बघायल्यात की!"

ओढ्याची वाट धरताना गजराबाई नेहमी वळून बघायची, कुणी मागं येतंय का म्हणून. आज तिनं वळून पाहिलं नाही.