न पिणाऱ्याचे लाल गाल

माणिकपूरला चर्चच्या मागच्या गल्लीत ॲन्सेल्मची पावाची भट्टी होती. माणूस कामाला वाघ, बोलायला मऊ, आणि दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला. पिऊन पिऊन बापाची झालेली दशा त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. पण पस्तिशी उलटली आणि त्याचे गाल नि नाक लाल व्हायला लागले. आधी ती लाली येऊन जायची, पुढे मुक्कामालाच राहिली. वर बारीक पुटकुळ्या, आणि डोळ्यांत सदा चुरचुर.

गावानं निदान केव्हाच करून टाकलं होतं. "बापाच्या वळणावर गेला," लोक म्हणायचे. बायको आग्नेसला खरं ठाऊक होतं. ती बिचारी कुणी सांगेल ते करायची. आज लिंबू चोळ, उद्या तुरटी. चेहरा आणखीच पेटायचा.

ॲन्सेल्म हे सगळं हसण्यावारी न्यायचा. पण थोरल्या लेकीला, ग्रेसीला, निर्मळ गावचं स्थळ आलं आणि हसू आटलं. मुलाचा बाप युजीन, केळीच्या वाडीवाला, येऊन जेवून गेला आणि मागाहून निरोप धाडला, 'पोरगी छान आहे, पण बापाचं तोंडच सगळं सांगतं.' ग्रेसी भांडी घासत बसली. ॲन्सेल्म भरल्या ताटावरून उठला.

दारूबंदी नुकतीच कडक झाली होती. एका दुपारी पाव पोचवून तो सायकलवरून परतत होता. उन्हानं तोंड नुसतं रसरसलेलं. नाक्यावर जमादारानं अडवलं.

"कुठं झोकून आलास?"

"साहेब, मी पीत नाही."

"तोंड बघितलंयस का आरशात? चल डॉक्टरकडे!"

दवाखाना गच्च भरलेला. ॲन्सेल्मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर वयस्क, कानानं जरा कमी, म्हणून बोलायचे ते ओरडूनच. त्यांनी श्वासाचा वास घेतला, त्याला चालायला लावलं, मग भिंग घेऊन गाल न्याहाळले.

"जमादार, हा प्यायलेला नाही!" त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "हा कातडीचा आजार. गालांतल्या बारीक शिरा फुगून राहतात. न पिणाऱ्यालाही होतो. काय रे, भट्टीपुढे उभा असतोस ना? चहा कसा पितोस?"

"कढत, डॉक्टर."

"आणि तोंडाला काय चोळतोस?"

त्यानं लिंबू-तुरटी सांगितल्यावर डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "हे मुळापासून जायचं नाही, पण आवरता येईल. काय केल्यावर भडकतं ते तुझं तूच ओळख. ऊन, जाळ, तिखट, कढत चहा सांभाळ. तोंड साध्या पाण्यानं धू, घासू नकोस." वर गंधकाचं सौम्य मलम दिलं. जमादार टोपी सारखी करत निघून गेला.

घरी येताच ॲन्सेल्मनं धाकट्या भावाला, पीटरला, भट्टीच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः पीठ मळायला घेतलं. डोक्यावर रुंद काठाची टोपी आली. चहा तो बशीत ओतून निवू द्यायचा. आग्नेसनं सुकटीच्या कालवणात मिरची कमी केली, तेव्हा पीटर कुरकुरला. त्याच्यासाठी वेगळा ठेचा आला. काही महिन्यांत पुटकुळ्या बसल्या, चुरचुर थांबली. लाली फिकी झाली, गेली मात्र नाही.

त्या दिवशी दवाखान्यात युजीनची शेजारीण मार्था खोकल्याचं औषध घ्यायला बसली होती. तिच्या तोंडून सगळी हकिकत निर्मळला पोचली. एका रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर युजीन स्वतः भट्टीवर आला, हातात वेलची केळ्यांचा घड.

"ॲन्सेल्मभाऊ, चुकलंच माझं. तोंड बघून माणूस ठरवला."

ॲन्सेल्मनं हाताचं पीठ झटकलं. "पोरीला विचारतो," म्हणाला. ग्रेसी दाराआडून ऐकतच होती. तिनं शेजारी उभ्या आईचा हात होकारानं दाबला.

लग्न थाटात झालं. वाजंत्रीच्या तालावर नाचून ॲन्सेल्मचे गाल पुन्हा लालबुंद झाले, आणि त्यानं त्यांची मुळीच फिकीर केली नाही. पुढे कितीतरी वर्षं तो पहाटे पीठ मळता मळता चर्चमधली गाणी गुणगुणायचा. भट्टीच्या धगीपुढे त्याला कधी सूर लागला नव्हता. पिठापाशी तो मोकळा गायचा, आणि पाव घ्यायला आलेली माणसं ऐकत उभी राहायची.