टाकणखाराची बाटली

“सातच्या पाण्यात सात कोणीही सांगेल, त्याला जरा लांब नेऊन विचार.”

रत्नप्रभाबाई वैरागडे हे वाक्य एका शनिवारी सकाळी म्हणाल्या, पाठमोऱ्या, ओट्याशी चहाचे कप विसळता विसळता. त्यांच्या सुनेला, विनिताला, ते झोंबलं. कारण ते तिच्या समुद्राबद्दल होतं.

भोपाळच्या साकेत नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात, टीव्हीच्या जागी, चार फूट लांबीच्या काचेच्या टाकीत समुद्र होता. मिठाच्या पाकिटांतून आलेला, फिल्टरच्या पाण्यात कालवलेला. पण त्यात दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश होते आणि खडकावर सात-आठ प्रवाळं होती, जिवंत, पाण्याच्या ओढीने बोटं हलवणारी. हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवून विनिता घरी यायची आणि घरातला दिवा न लावता टाकीपुढे बसायची. नवरा, आशय, तीन-तीन महिने साइटवर. तो फोनवर म्हणायचा, “तलावांच्या गावात राहून तुला समुद्र कशाला हवा गं?” दिवसभर माणसांची दुखणी हाताळल्यावर, ज्याला दुखलं तर बोलता येत नाही असं काहीतरी सांभाळावं, असं तिला वाटे. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

एप्रिलपासून प्रवाळं मिटायला लागली. आधी कडेचं एक, मग मधली दोन. बोटं आत ओढून बसलेली, राखाडी.

पाणी आंबटाकडे झुकलंय की चुन्याकडे, हे सांगणारा आकडा म्हणजे पीएच. सात म्हणजे मधोमध. समुद्र आठच्या थोडा वर असतो. विनिताचं मीटर सात पॉइंट आठ दाखवत होतं. टाकी बसवून देणारा प्रतीक, हबीबगंजला ज्याचं माशांचं दुकान आहे, म्हणाला होता, “वहिनी, पानी एसिडिक हो रहा है. चुन्याचा डोस चालू करा.” तिने केला. आकडा मुंगीच्या पावलाने हलला, महिन्याभरात सात पॉइंट नऊ. प्रवाळं आणखी मिटली. आता रविवारी अकरा वाजता प्रतीक येऊन मोठा डोस टाकणार होता. त्यानेही जमलं नाही, तर टाकी मोडायची, असं विनिताने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या शनिवारी ती पाणी फिरवणारा पंप बाहेर काढून पुसत होती. रत्नप्रभाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नखाने खरवडला.

“हे पांढरं काय आहे गं?”

“काही नाही, आई. डाग आहे.”

“डाग नाही, खार आहे. बॉयलरच्या नळ्यांत धरतो तसा. पाणी आंबट असतं तर हा धरलाच नसता. तुझं मीटर काय म्हणतं?”

“सात पॉइंट नऊ.”

“खोटं बोलतंय.”

“आई, दर रविवारी तपासते मी. मीटरबरोबर सातचं पाणी आलंय, त्यात मीटरची काचेची कांडी, प्रोब, बुडवला की बरोबर सात येतं.”

तेव्हा त्या ओट्याकडे वळल्या आणि ते वाक्य म्हणाल्या.

रत्नप्रभाबाई मूळच्या वर्ध्याच्या. नवरा भोपाळच्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून त्या इथे आल्या आणि त्याच कारखान्याच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं राहिल्या. घरात गोष्टी सांगितल्या जात त्या विनिताच्या सासऱ्यांच्या: त्यांच्या ड्रॉइंगच्या, त्यांच्या टर्बाइनच्या. आईचं काय, तर आई लॅबमध्ये बाटल्या विसळायची. आशय हे हसून सांगे आणि बाईही हसत. विनिताने लग्नानंतर सहा वर्षांत त्यांना त्या बाटल्यांत काय असायचं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता तिने विचारलं, पण वैतागून. “मग खरं काय ते कसं कळणार?”

“म्हातारा झालेला प्रोब सातला बरोबरच असतो. जितकं लांब जाशील तितका मागे पडतो. तुझं पाणी आठच्या पुढे, म्हणजे पुढच्या बाजूला तपासायला हवं. दहाचं पाणी आहे?”

“पुडी होती. कुठे गेली आठवत नाही.”

“प्रोब कशात ठेवतेस?”

“फिल्टरच्या पाण्यात. सगळ्यात शुद्ध.”

“सोवळ्यात ठेवून मारलंस बिचाऱ्याला,” बाई म्हणाल्या. “त्याच्या पोटात खारं पाणी असतं. शुद्ध पाणी ते ओढून घेतं.” मग हात पुसले. “चल, स्कूटर काढ. चौक बाजारात जायचंय. टाकणखार आणू. नीट मोजून केलं की त्याचं पाणी ठरल्या आकड्यालाच बसतं, नऊच्या जरा वर.”

विनिता गेली, ती पटलं म्हणून नव्हे; मे महिन्याच्या उन्हात पासष्ट वर्षांच्या बाईला एकटं कसं पाठवायचं, म्हणून. शाळा-कॉलेजांना लॅबचं सामान देणाऱ्या दुकानातून बाईंनी टाकणखाराची सीलबंद डबी घेतली, बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घेतला आणि तिथून थेट एका सराफाच्या पेढीवर चढल्या.

“तीन ग्राम इक्यासी तोलना है.”

सराफाने डबी बघितली. “अम्माजी, लोग सोना तुलवाने आते हैं, आप सुहागा लाई हैं? सुहागा तो हम सोने पे मुफ़्त में डालते हैं!”

“काँटा तो सोने का ही है ना? बस. और पंखा बंद कीजिए ज़रा.”

“इस गर्मी में?”

“काँटा हिल रहा है, भैया. देखिए, आख़िरी अंक नाच रहा है.”

सराफाने बघितलं. अंक खरोखरच नाचत होता. त्याने पंखा बंद केला. दोन गिऱ्हाइकं, एक नोकर आणि सराफ, सगळे घाम पुसत त्या पांढऱ्या भुकटीकडे बघत उभे राहिले. बाई कागदाच्या कडेने कण कण सरकवत होत्या. तीन पॉइंट आठ एक. “लो, अब चलाइए.” विनिताला आधी लाज वाटत होती. पंखा सुरू झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बघता बघता तिनेही श्वास धरून ठेवला होता.

घरी आल्यावर बाईंनी कपाटावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं. लांब मानेचा काचेचा चंबू, मानेवर एक बारीक रेघ. निरोप समारंभात लॅबमधल्यांनी दिलेला. साहेबलोकांनी घड्याळ दिलं, ते बंद पडलं. रेघेपर्यंत म्हणजे एक लिटर, ना थेंब कमी, ना जास्त. टाकणखार विरघळला, द्रावण बाटलीत आलं. बाईंनी चिकटपट्टीवर लिहिलं: टाकणखार, तारीख, आणि खाली र. वै.

“हे कशाला?” विनिताने विचारलं. “घरात दुसरं कोण बनवणार?”

“रजिस्टरवर सही केमिस्ट साहेबांची. ती एकतीस वर्षांत माझी कधी झाली नाही. पण बाटलीवर बनवणाऱ्याची अक्षरं लागतातच. चुकलं तर पकडायला कोणीतरी हवं ना.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एखादी रीत सांगावी, तसं सांगितलं.

रविवारी अकराला प्रतीक आला, हातात चुन्याचा डबा. बाईंनी बाटली सकाळपासून टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवली होती, म्हणजे दोन्हींचं तापमान एक. सव्वीस अंश.

“आधी मीटर बघू,” विनिता म्हणाली.

“अहो वहिनी, मीटर एकदम परफेक्ट आहे. मी स्वतः लावलंय.” त्याने प्रोब सातच्या पाण्यात घातला. सात पॉइंट शून्य शून्य. “बघा काकू!”

“बघितलं. आता यात घाल. मध्ये धू आधी. पुसू नकोस, टिपून घे.” बाईंनी पेल्यात द्रावण ओतलं. “सव्वीसला नऊ पॉइंट सतरा यायला हवं.”

आकडा चढला. आठ. आठ पॉइंट दोन. आठ पॉइंट तीस. तिथे थांबला. तिघंही बघत राहिले. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण तीन मिनिटं मोजली. आठ पॉइंट तीस.

प्रतीक हसला. “काकू, बुरा मत मानना, पण तुमचं हे घरगुती घोल चुकलं असेल ना. सुहागा है, कोई लॅब का केमिकल थोड़े ही है.”

विनिताला वाटलं, बाई आता भडकतील, नाहीतर हसून सोडून देतील, जेवणाच्या टेबलावर बाटल्यांचा विनोद द्यायच्या तसं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“चुकलं असेल,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “बाटलीवर नाव आहे माझं. तपास. पिशवीत नवा प्रोब दिसतोय तुझ्या.”

प्रतीक अडकला. विकायला आणलेला प्रोब होता, पेटीत सात आणि दहाच्या सीलबंद पुड्यांसह. त्याने विनिताकडे बघितलं. “उघड,” ती म्हणाली. “तो मी घेतलाच.”

नवा प्रोब सातमध्ये, धुऊन, टिपून, दहामध्ये. मीटरने दोन्ही कबूल केले. पुन्हा धुऊन, टिपून, बाईंच्या बाटलीतल्या ताज्या द्रावणात. आकडा भराभर चढला, नऊ पॉइंट पंधरा, सोळा, आणि सतरावर जाऊन बसला. हलेना.

“टाकीत घाल,” बाई म्हणाल्या.

टाकीत आठ पॉइंट बावन्न आलं. म्हणजे पाणी आंबट नव्हतंच. चुन्याने भरलेलं होतं. महिनाभर ती प्रवाळांना वाचवायला जे घालत होती, त्याच्यामुळेच प्रवाळं तोंड मिटून बसली होती. आज तो डबा आत गेला असता तर संध्याकाळी मोडायलाही काही उरलं नसतं. प्रतीकने डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं, मग उगाच आणखी एकदा दाबलं.

“काकू,” त्याने अदबीने विचारलं, “आप केमिस्ट थीं क्या?”

बाईंनी तोंड उघडायच्या आत विनिता म्हणाली, “एकतीस वर्षं पूर्ण कारखान्याचं पाणी यांच्या आकड्यावर चालायचं.” हे तिने आवाज चढवून सांगितलं, कोणीतरी नाही म्हणालं असतं तर भांडायच्या तयारीने. तिला स्वतःलाच तिचा आवाज नवा वाटला.

प्रतीक पेल्यातलं उरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओतायला गेला. “हां हां!” बाईंनी त्याचं मनगट धरलं. “बाहेर आलेलं परत आत नाही. मोरीत.”

चुना बंद झाला. दर तीन दिवसांनी थोडं पाणी बदललं. पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्यात कडेच्या प्रवाळाने एक बोट बाहेर काढलं. मधल्या दोहोंपैकी एक मेलंच, ते राखाडी राहिलं. विनिताने ते काढलं नाही. रात्री आशयचा फोन आला आणि तो सवयीने बाटल्यांचं काहीतरी म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, “आशय, त्या बाटल्यांत काय असायचं, तुला माहितीये?” त्याला माहीत नव्हतं. मग तिने पाऊण तास सांगितलं.

महिन्याने बाटली संपली. विनिता एकटीच चौकात गेली आणि तिनेच सराफाला पंखा बंद करायला लावला. (“आप उन अम्माजी की बहू हो?” “जी.” त्याने निमूट बटण दाबलं.) चंबूच्या रेघेपर्यंत शेवटचे थेंब तिने ड्रॉपरने घातले, डोळा रेघेच्या पातळीला आणून. रत्नप्रभाबाई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. निदान पानं उलटत होत्या. द्रावण टाकीत तरंगत ठेवून सव्वीसला आणलं. प्रोब सातला, दहाला लावून घेतला. मग नव्या बाटलीतलं पेल्यात.

बाई उठून आल्या, चष्मा कपाळावर सरकवून मीटरकडे वाकल्या. नऊ पॉइंट सोळा. सतरा. त्या सरळ उभ्या राहिल्या.

त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा तोडला, त्यावर टाकणखार असं लिहिलं, तारीख घातली, पट्टी बाटलीवर नीट दाबून बसवली. खालची ओळ रिकामी होती.

“आई, र. वै. राहिलं,” विनिता म्हणाली.

रत्नप्रभाबाईंनी पेन तिच्यासमोर ठेवलं, चपला पायात सरकवल्या, आणि दार ओढून घेऊन फिरायला निघून गेल्या.