काकांच्या फोनचा उतरता आवाज

नव्या फोनचं कौतुक करणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण जुना होत जाणाऱ्या फोनवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवणारा माणूस साऱ्या भरतखंडात एकच, आणि तो नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. घराणं विणकरांचं. काकांनी स्वतः माग चालवला नाही, पण विणकरांच्या एका सोसायटीत उभी हयात कापड तपासण्यात घालवली. लुगडं तीनदा धुऊन, उन्हात वाळवून रंग टिकला तरच ते मान हलवत. निवृत्तीनंतर धुवायला कापड उरलं नाही. पुढे काकू गेल्या, आणि कन्हानला दिलेल्या मुलीनं, बाबांशी रोज बोलता यावं म्हणून, एक फोन आणून दिला. काकांना पुन्हा तपासायला काहीतरी मिळालं.

दर महिन्याच्या एक तारखेला ते आंघोळ करून ओसरीवर बसत. फोन पूर्ण चार्ज करायचा, त्यावर भजनं लावायची आणि तो मान टाकेपर्यंत घड्याळ बघत राहायचं. समोरच्या कडुनिंबाचा त्याच जागेवरून फोटो काढायचा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी पान न् पान ताडून पाहायचं. मे महिन्यात, नागपुरात माणसंही तापून बंद पडायच्या बेतात असतात तेव्हा, हा फोन किती वाजता गरम झाला, कूलरसमोर ठेवल्यावर किती वेळानं निवला, हे सगळं वहीत. गल्लीत कुणालाही फोन घ्यायचा झाला की आधी काकांची वही बघायची, हा रिवाजच पडला. एकदा मी त्यांना सदरला एका दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी एका फोनचे गुण सांगत होती, दोन वर्षं काही होणार नाही म्हणत होती. काकांनी शांतपणे विचारलं, हा आला कधी? आज सकाळीच, ती म्हणाली. "मंग सकाळपासूनचं सांग ना बाई," काका म्हणाले, "दोन वर्षांचं काहून सांगतेस?" तिला हसू आलं. काकांना आलं नाही. त्यांनी ते गंभीरपणेच विचारलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या फोनचा निकाल मात्र हळूहळू वाईट होत गेला. बॅटरी ठीक, काच ठीक, पण आवाज उतरू लागला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी लिहिलं, ‘घंटी दुरून ऐकू येत नाही.’ सहाव्यात, ‘जावयाचा आवाज बरा, मुलीचा पुसट.’ आठव्यात त्यांनी फोन दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला आणि काही बिघाड नाही म्हणून परत दिला, तेव्हा त्याला कामातलं काही कळत नाही असं काकांचं मत झालं. त्यांनी गल्लीभर सांगितलं की हा फोन घेऊ नका. समोरच्या घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी हाच फोन पसंत केला होता, त्यांनी तो बेत सोडला.

एका रविवारी दुपारी काकांनी मला हाक मारली. आवाज किती खाली गेलाय ते माझ्या कानांनी पडताळून हवं होतं. मी त्यांच्याच फोनवरून मुलीला फोन लावला आणि, दोघांनाही ऐकू यावं म्हणून, स्पीकर सुरू करून फोन आमच्यामध्ये स्टुलावर ठेवला. तिनं उचलला आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "बाबा, आज तरी सांगा. तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली. तीन महिन्यांपासून विचारून राहिली मी, येता का नाही?"

आवाज खणखणीत होता. अंगणापर्यंत जावा इतका. काका हात कानामागे धरून, पुढे वाकून, माझ्याकडे बघत होते.

"पाहिलं?" ते म्हणाले. "काहीच उरलं नाही त्याच्यात."

मी तिला नंतर करतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग त्यांच्या कानाशी सरकून, जरा मोठ्यानं, पण शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की काका, फोन चांगला आहे. त्यांना लगेच कळलं. उभं आयुष्य दोष शोधण्यात गेलेला माणूस. दोष कुठं आहे हे त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी विचारलं, ती काय म्हणत होती? मी शब्दन् शब्द सांगितला.

"तीन महिने," ते म्हणाले. "अन् मी तिले काय म्हणत असंन गा?"

मला ते ठाऊक होतं, भिंतीपलीकडून त्यांचं उत्तर रोज ऐकू यायचं: "बरं, बरं. बॅटरी चांगली आहे."

काकांनी वही उघडली. आधीचं काही खोडलं नाही. खाली फक्त लिहिलं, ‘आवाजाचे वरील सर्व शेरे चुकीचे. फोन निर्दोष.’ आणि चपला घालून ज्यांना ज्यांना फोन घेऊ नका म्हणाले होते त्यांच्या घरी निघाले. मी सोबत गेलो. शाळेतल्या बाई त्यांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, काका, जाऊ द्या हो, एवढं काय. "जाऊ कसं देऊ?" काका म्हणाले. "चांगल्या मालावर मी खोटा शेरा मारला." बाईंचे डोळे भरून आले. काकांना मात्र पुढच्या घरी जायची घाई होती.

त्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं, कानात यंत्र बसलं, आणि काका कन्हानला राहायला गेले.

पुढे एका संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेलो. बापलेक समोरासमोर बसले होते. मधल्या महिन्यांत फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी तिला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं होतं. कुणाचं लग्न झालं, मोलकरीण का गेली, नातवाला ताप आला तेव्हा ती किती घाबरली होती. ती सावकाश सांगत होती आणि काका एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे ऐकत होते. माझ्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. मी चहा घेऊन उठलो, तेव्हा सांगता सांगता ती अजून संक्रांतीपर्यंतच आली होती.