भातगिरणीतली बारी

त्या रविवारी दुपारी वडगावच्या भातगिरणीत आपण हजर होतो, असे सांगणारी माणसे मला अजून भेटतात. दरवर्षी त्यांत भर पडते. ती सगळी खरे बोलत असतील, तर ती गिरणी निदान लोणावळ्याएवढी असायला हवी होती! मी तर्कशास्त्राची विद्यार्थिनी. जे स्वतः पाहिले, किंवा परस्परांशी न बोलणाऱ्या दोघांनी मला सारखेच सांगितले, तेवढेच किस्से मी ग्राह्य धरते. आमच्या मंडळात परस्परांशी न बोलणारे दोघे केव्हाही सापडत, ही मोठी सोय होती.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडगाव मावळातली आम्ही मुले-मुली मंडळ काढून आबांच्या बंद पडलेल्या भातगिरणीत नाटके, व्याख्याने, गाणी करत असू. झाडलोटीपासून पडदा ओढण्यापर्यंत सगळे आमचे आम्हीच. सुधाकर अध्यक्ष, तो लोणावळ्याला रेल्वेत फिटर होता. मी कार्यवाह. मुलींना रंगमंचावर उभे राहता येईल अशी दुसरी जागा आसपास आम्हाला ठाऊक नव्हती. आबांनी ती दिली होती, पण एका अटीवर : "बोभाटा झाला की कुलूप!"

मुंबईचा एक इलेक्ट्रिक गिटारवाला बँड दौरा करत पुण्याला निघाला होता. सुधाकरने त्यांना वाटेत आमच्याकडे वाजवायला राजी केले. माझा विरोध होता. ज्या संगीताची शिफारस 'लय मोठा आवाज' एवढ्याच शब्दांत केली जाते, त्याविषयी मी साशंक असते.

आबांची परवानगी काढायला आम्ही दोघे गेलो. आबा गावच्या भजनी मंडळाचे बुवा. भजनाच्या बारीत दोन मंडळे समोरासमोर बसतात. एकाने गायचे, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचे. आलेल्या मंडळाला उत्तरच मिळाले नाही, तर यजमान गावाची नाचक्की.

"बारी कुनाशी हाय त्यांची?" आबांनी विचारले.

"कुणाशीच नाही, आबा. एकटेच वाजवणार."

आबा विचारात पडले. "एकटंच? मंग हरनार कोन?"

*

खंडाळ्याच्या घाटात बँडची गाडी तापून बसली आणि चौघे जण, ड्रमसकट, दुधाच्या रिकाम्या ट्रकमधून वडगावात उतरले. केस खांद्यापर्यंत, पँटी गुडघ्यांवर फाटलेल्या. म्होरक्या होता वांद्र्याचा मेल्विन.

पाहुणे कलाकार सुधाकरच्या आईकडे जेवत, हा मंडळाचा शिरस्ता. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणत असू. चौघे पंचे गुंडाळून विहिरीवर अंघोळीला गेले, तेवढ्या वेळात मावशींनी चारही पँटी शिवून टाकल्या! धावदोरा नव्हे, आतून ठिगळ लावून, वर नेटकी उलटी टीप.

मेल्विन पँट हातात धरून उभाच राहिला. "आंटी, ये तो स्टाइल है!"

"असू दे रं बाबा," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमी कुनाला सांगनार न्हाई."

*

प्रास्ताविकाशिवाय कार्यक्रम नाही, हा मंडळाचा दुसरा शिरस्ता, आणि तो मीच घालून दिलेला. 'ध्वनी आणि गोंगाट यांतील भेद' या विषयावर बोलायला मी उभी राहिले. ड्रमवाल्याला मराठीचा गंध नव्हता. मी वाक्य संपवून थांबले, की त्याला वाटे, आपली जागा आली.

"गोंगाट म्हणजे हेतूशून्य ध्वनी."

धडाम्!

"संगीताला मात्र शिस्त असते."

धडाम्, धडाम्, झण्ण!

प्रत्येक वाक्याला टाळ्या पडल्या. पुढे मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले, परंतु माझ्या पूर्णविरामांना तो मान पुन्हा कधी मिळाला नाही.

*

गिरणी आम्ही स्वच्छ झाडली होती. अर्थात हात पोहोचेल तिथवरच. पत्र्याखालच्या तुळयांवर गिरणी चालू असतानाचा कोंडा तसाच साचलेला होता. बेस गिटारचा पहिला घुमारा उठला आणि तो सगळा एकदम खाली आला! खिडकीतून येणाऱ्या उन्हात सोन्याचा ढग उतरल्यासारखे दिसले. प्रेक्षकांना वाटले, हीदेखील मंडळाची योजना. त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मेल्विन शिंकत शिंकत गात राहिला. त्यातले शब्द किती आणि शिंका किती, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

तो घुमारा बाजारापर्यंत पोहोचला. थोड्याच वेळात डोक्यावर भाताचे बोचके घेतलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली.

"गिरनी चालू झाली न्हवं? रस्त्यापातुर आवाज येतुय!"

"गिरणी नाही हो काकी, गाणं चाललंय," दारावरचा सुधाकर म्हणाला.

तिने कान देऊन ऐकले. मग बोचके खाली ठेवले आणि त्यावर बसली.

"बिघडलीया," ती म्हणाली. "दुरुस्त हुईस्तवर बसते."

*

अखेर बोभाटा झालाच. कोणीतरी आबांच्या घरी जाऊन सांगितले आणि आबा आले. हातात पितळी कुलूप. सुधाकरचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात मुलींचे नाटक होते. त्यातल्या दोघी माझा हात घट्ट धरून उभ्या राहिल्या.

आबा गर्दीतून सरळ पुढे गेले. मेल्विनने त्यांना पाहिले, कुलूपही पाहिले. परंतु गाणे अर्ध्यावर सोडले नाही. शेवटच्या झंकारापर्यंत वाजवले.

"झालं?" आबांनी विचारले.

"झाला," मेल्विन म्हणाला.

आबा माझ्याकडे वळले. "आपल्याकडनं कुनी उत्तर दिलं?"

"नाही, आबा. यांच्यात तशी पद्धत..."

"यांच्यात नसंल. आपल्यात हाय का न्हाई?" आबांचा आवाज चढला. "पाव्हनं एवढा घाट चढून आलं, घसा फाटूस्तवर गायलं, आन् आख्खं गाव गप बसून ऐकतंय?"

त्यांनी वहाणा काढल्या. बँडच्या समोर मांडी घातली. शेजारी भात ओतायचा गिरणीचा लोखंडी डबा होता. त्यावर त्यांनी कुलपाने ठेका धरला आणि अभंग उचलला. मागून कोणीतरी ध्रुपद झेलले, मग दुसऱ्याने, मग बोचक्यावरच्या बाईने. माझ्या शेजारच्या दोघींनी हात सोडले आणि टाळ्यांनी ठेका धरला. ड्रमवाल्याने काड्या उचलल्या, तसे मेल्विनने त्याचे मनगट धरले. कशावरून कोण जाणे, पण त्याला कळले होते.

आबांनी अभंग संपवला. उपरण्याने घाम पुसला. उठून ते कुलूप मेल्विनच्या स्पीकरवर ठेवले आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.

"हं," ते म्हणाले, "आता तुमची बारी!"